गुळाची काहील

(सकाळ. पाण्याच्या काठावरचं पत्र्याचं घर, दार आतून लावलेलं. चुलीजवळची पितळी ताटली घरंगळते आणि जमिनीवर गोल गोल फिरत वाजत राहते.)

भागाबाई: धर ती! पाय ठिव तिच्यावर, इंदिरा!

इंदिरा: धरली आत्या. धरली.

भागाबाई: आवाज झाला की दगड यायलाय पत्र्यावर. पोरं काठ्या घिऊन फिरायलेत अजून.

इंदिरा: त्यांला काय ठावं न्हाई का आपुन आत हाव म्हनून? काल दिवस मावळायला समद्या गावासमोरनं उचलून आनलं ह्यांला. ताटलीनं नवं काय कळनार हाय?

भागाबाई: तरीबी. उगं कामून आठवन करून द्यायची? नागू, बाळा, आता ह्या मधल्या बोटाला काडी बांधायची हाय. ह्यो बोळा धर दातात. धरलास?

नागनाथ: बांध. बांध तू... आई गं! आई!

इंदिरा: हळू की आत्या!

भागाबाई: हळू बांधलं की बोट वाकडं बसतंय जनमभर. तू मनगट धर त्याचं. तोंडाकडं बघू नगंस, हाताकडं बघ.

इंदिरा: हाताकडं? ह्याला हात म्हनू का मी? भाजलेल्या वांग्यागत झालाय.

आम्रपाली: आई, बाबाचं बोट काळं झालंय.

इंदिरा: तू बाजंखाली जा अमू. बाहुली घिऊन जा. डोळे मीट.

आम्रपाली: भोंगा वाजायलाय पन. आज काठावर साहेब येनार. बाईनं समद्या पोरींला गानं म्हनायला बोलवलंय.

इंदिरा: आज तुला शाळा न्हाई आन गानंबी न्हाई.

आम्रपाली: पोस्टरात मी हाय ना पन? बाबा वल्हं मारायलाय आन मी गुळाच्या मोठ्या काहिलीत बसलेय, नावंत बसल्यागत. बिदरच्या स्टँडावर लावलंय. गुलबर्ग्यालाबी लावलंय म्हनं.

भागाबाई: त्या पोस्टरानंच घात केला बघ माझ्या लेकराचा. चांगले मासे धरून खात व्हताव. कुनाच्या डोळ्यात येत न्हवताव.

रेवणसिद्धप्पा: नागू! ए नागनाथ! हायस का आत? मी हाय, रेवणसिद्धप्पा.

भागाबाई: उघडू नगं. गप बस.

इंदिरा: पंचायतीचा चेअरमन हाय, आत्या. त्याला दार उघडलं न्हाई तर दुसरे येऊन मोडतील.

रेवणसिद्धप्पा: चुलीचा धूर दिसायलाय गे मला. उघड की. खाऊ का मी तुमाला?

इंदिरा: आले अप्पा, तिथंच ऱ्हावा. आत्या, माझ्यामागं कडी घाला. काईबी झालं तरी ह्यांला उठू देऊ नका... हं. बोला अप्पा. ओसरीवरच बोला.

रेवणसिद्धप्पा: नागूला बघायचं हाय मला. आत येतो.

इंदिरा: आज आत येताव? कवा शिवलाव आमचा उंबरा? आन बघायचं काय ऱ्हायलंय? काल बघितलाव की. लिंबाखाली हुबे व्हताव, धोतराचा सोगा हातात धरून.

रेवणसिद्धप्पा: मी थांबवायला आलतो गे. आलो तवर होऊन गेलं. सिट्टात झालं.

इंदिरा: रागात? राग असला की मानूस धावून येतंय, मारतंय, जातंय. बसवंतप्पा तसा आला न्हाई. चालत आला. पहार खांद्यावर, पुतने मागं. ह्यांला इचारला, ‘साहेबानं हात मिळवला तुझ्यासंगं, खरं का?’ हे म्हनले, व्हय. ‘कोनता हात दिलास?’ अप्पा, माझा नवरा साधा. त्याला वाटलं खरंच इचारायलेत. म्हनला, उजवा.

रेवणसिद्धप्पा: जाऊ दे आता ते.

इंदिरा: जाऊ दे कसं? तुमी लिंबाखाली व्हताव, तुमाला ऐकू आलं नसंल. मी चार पावलांवर व्हते. काहिलीच्या काठावर ठिवायला लावला त्यो हात. दोघं दंडावर बसले. पहारीच्या बुडानं ठेचला. एक बोट ठेचायचं, थांबायचं, मग दुसरं. मधीच माझ्याकडं वळून म्हनतोय, ‘बाई, तुला मोजायला येतंय का?’

रेवणसिद्धप्पा: छे छे छे. शिवा शिवा.

इंदिरा: मग पहार उलटी धरली आन काहिलीच्या बुडात घातली. भोकं पाडली. ‘बस आता फोटू काढत’, म्हनला. माझी पोर बघायलीय अप्पा! तिच्या फ्राकावर बापाचं रगत उडालंय. सकाळी धुतलं मी. निघत न्हाई.

रेवणसिद्धप्पा: इंदिरा, ऐक. बसवंतप्पा वंगाळ केला, मी न्हाई म्हनत न्हाई. पन त्याच्या आज्ज्याची काहील ती. त्या काहिलीतला पहिला गूळ देवाला जायचा. तिच्यात आता तुमी पाय सोडून बसताव, मासे टाकताव, आन पोस्टरात तुमचं तोंड. त्याच्या जिवाला लागलं.

इंदिरा: आज्ज्याची काहील? धरनात ऊस बुडाला तवा उकिरड्यावर टाकली व्हती तिला. कुत्री व्यायली व्हती तिच्यात. ‘भंगार हाय, घिऊन जावा’, तुमच्याच समोर म्हनला. आमी गाडीवर घालून आनली. आत्यानं विटकरीनं घासली, हाताची सालं गेली तिच्या. आन एक सांगा. बसवंतप्पाच्या आईला छातीत कळ आली, पूल बुडाला व्हता, तवा पैलाड दवाखान्याला कुनी नेलं? ह्याच काहिलीत, ह्यांनीच. त्या दिवशी तर कुनी इचारलं न्हाई, कोनत्या हातानं वल्हं मारलास म्हनून.

रेवणसिद्धप्पा: ... कोन हाय रे तिकडं? पत्र्यावर दगड टाकायलास? मी हितं हुबा हाय, दिसत न्हाई? टाळकं फोडीन एकेकाचं! जावा, काठावर जावा, पताका लावा! ... बघ, मी हाय म्हनून थांबलेत. पोरं लई गरम झालेत.

इंदिरा: गार कुनी करायचं त्यांला?

रेवणसिद्धप्पा: तेच करायलो की मी! त्यासाठीच आलो. तू शिकलेली हायस, तुला समजंल. धरन झालं, आपली काळी जमीन गेली. तुमच्याकडं थोडी व्हती, आमच्याकडं लई व्हती, पन गेली समद्यांची. ऊस गेला, गुऱ्हाळं गेली. पोरं हैदराबादला सिमेंट कालवायलेत. माझा ल्योक, माझ्या नातीचा, गुरूचा बाप, कुटं हाय? सोलापूरला. वर्साला दोनदा तोंड दावतोय. गावात कोन राहिलं? म्हातारी मानसं, बाया आन कोंबड्या. आता आपल्याला जे खायचं ते ह्या पान्यावर खायचं. दुसरं येनू इल्ला, काईच न्हाई.

इंदिरा: खावा की. आमी अडवलाव का?

रेवणसिद्धप्पा: ऐक तर! टुरिझमचे साहेब मला म्हनले, ‘रेवणसिद्धप्पा, बोट काय, सगळ्या तलावात असते. पण गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पाण्यावर फिरायचं, हे फक्त तुमच्या कोडगळीत.’ रस्ता डांबरी करनार. आईतवारची बस सोडनार. पाहुन्यांसाठी खोल्या, खानावळ, चा-भजीची दुकानं. गुऱ्हाळबी परत लावायचं म्हनतेत, नुसतं दावायला. पोरं माघारी येतील गे! पैलाडचे लोक टपून बसलेत. त्यांनीबी घाट बांधला, रंग मारला. आज बंगळूरची मानसं येनार, पेपरवाले येनार. हितं भांडन दिसलं, मारामारी दिसली, की समदं उचलून पैलाड. मग हे गाव मेलं म्हनून समज.

इंदिरा: म्हंजे गाव जगायचं असंल तर माझ्या नवऱ्याचा हात कुनाला दिसला न्हाई पायजे.

रेवणसिद्धप्पा: आजच्यापुरतं! साहेब इचारतील, नागनाथ कुटं? आमी सांगतो, ताप आलाय, कमलनगरला भनीकडं गेलाय. तुमी दार लावून बसा. पोलिसात जायचं न्हाई, पेपरवाल्यापुढं जायचं न्हाई. काहिलीबद्दल तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई. पुढं मी बघतो. घाटावर पहारेकरी लागनारच हाय, नागूलाच बसवतो.

इंदिरा: पहारेकरी. मोडक्या हातानं.

रेवणसिद्धप्पा: शिट्टी फुंकायला हात लागतंय का?

इंदिरा: आन न्हाई ऐकलं तर?

रेवणसिद्धप्पा: ही जागा धरनाची हाय, इंदिरा. घर हुबं हाय, कारन मी वर कळवलो न्हाई. आन पोरांला मी किती दिवस आवरू? मला काय गावाला जायचं नसतंय? पोरीला बोलव बाहीर.

इंदिरा: कामून?

रेवणसिद्धप्पा: तिच्या डोस्क्यावर हात ठिव आन म्हन.

इंदिरा: आमी शपथा-बिपथा घेत न्हाई अप्पा. ते समदं सोडून दिलाव आमी.

रेवणसिद्धप्पा: देव सोडलाव, मला ठावं हाय. देवाची घिऊ नगंस. लेकरू तर सोडलं न्हाईस ना? लेकराची घे.

इंदिरा: ... अमू. ये बाहीर. आत्या, उघडा जरा. काई न्हाई, अमूला धाडा. ये बाळा, हितं हुबी ऱ्हा.

रेवणसिद्धप्पा: ठिव हात. म्हन, ‘काहिलीबद्दल मी आज कुनाला एक शब्दबी बोलनार न्हाई.’

इंदिरा: काहिलीबद्दल मी आज कुनाला एक शब्दबी बोलनार न्हाई.

रेवणसिद्धप्पा: ‘बोलले तर माझं लेकरू मला दिसनार न्हाई.’

इंदिरा: बोलले तर... माझं लेकरू मला दिसनार न्हाई.

आम्रपाली: कामून दिसनार न्हाई, आई? मी कुटं जानार हाय?

इंदिरा: कुटं न्हाई गं राणी. अप्पा खेळायलेत. झालं का अप्पा? कुनालाच बोलायचं न्हाई ना? का तुमाला बोललं तर चालतंय?

रेवणसिद्धप्पा: मलाबी न्हाई. मला काय ऐकायचं ऱ्हायलंय? इषय संपला. आता अजून एक. अमूचं तोंड धू, चांगला फ्राक घाल, दोन येन्या घाल पोस्टरात हायत तशा. तिला मी नेतो. साहेबांची बायको म्हनली, ‘ती चित्रातली पोर पाहिजे मला, मांडीवर घेऊन बसणार.’

आम्रपाली: मी येते अप्पा! गुरूबी बसनार का?

रेवणसिद्धप्पा: गुरू काठावर आरतीचं ताट घिऊन हुबी ऱ्हानार.

इंदिरा: अमू, आत जा. आत जा म्हनले ना! आत्या, कडी घाला... न्हाई अप्पा. एवढं न्हाई.

रेवणसिद्धप्पा: आता हे काय काढलीस?

इंदिरा: ज्या काठावर बापाची बोटं ठेचली, त्या काठाला धरून माझी पोर फोटूसाठी हसनार न्हाई. घर पाडा. आग लावा. पोर देनार न्हाई.

रेवणसिद्धप्पा: आवाज कमी कर, आवाज! न्हाई तर न्हाई. आमच्या गुरूला बसवतो तिच्या जागी. एवढीच हाय, दोन येन्या घातल्या की लांबून कोन वळखतंय? सुनंला सांगतो, रुद्रम्माला, फ्राक घाल म्हनून.

इंदिरा: बसवताव कशात पन? बुडाला भोकं हायत की.

रेवणसिद्धप्पा: बुजवली. बसवंतप्पाच बसला रातभर. चूक केली ती निस्तरला बघ, मानूस वाईट न्हाई त्यो. गूळ, चुना आन तागाचा सन कुटून कुटून भरला. गुऱ्हाळावर आमच्या आज्ज्यापासून तसंच बुजवतेत. एवढा उकळता रस, पन थेंब गळत न्हाई. रंग मारला वरनं, हिरवा. वल्हंबी त्योच मारनार आज.

इंदिरा: ... पान्यात घालून बघितलाव का?

रेवणसिद्धप्पा: मधी घागरभर वतून बघितलो की. ठणठणीत. कामून? काई म्हनायचं हाय का तुला?

इंदिरा: ...

रेवणसिद्धप्पा: बोल की. तोंड कामून असं झालं?

इंदिरा: न्हाई अप्पा. मला काई म्हनायचं न्हाई. एक शब्दबी न्हाई.

रेवणसिद्धप्पा: शानी हायस. येतो मी. दार लावून घे.

इंदिरा: उघडा आत्या. मी हाय. गेला त्यो.

भागाबाई: काय म्हनला? भोंग्यात काई ऐकू आलं न्हाई. लेकराला कामून नेलीस बाहीर?

इंदिरा: आत्या, मला हसू यायलंय.

भागाबाई: येड लागलं का तुला?

इंदिरा: काहील बुजवली त्यांनी. गूळ आन चुना. बसवंतप्पा रातभर बसून कुटला. आता साहेबाला घिऊन, पेपरवाल्याला घिऊन त्योच वल्हं मारनार.

नागनाथ: काय? काय म्हनलीस? गूळ-चुना?

इंदिरा: तुमी पडून ऱ्हावा.

नागनाथ: ताजा? रातचा?

इंदिरा: रातचाच. वरनं रंग मारलाय.

नागनाथ: अगं इंदिरा... गुऱ्हाळावर खाली जाळ असतंय. जाळानं ते भाजून दगड होतंय म्हनून टिकतंय. हितं जाळ कुटं हाय? खाली पानी. वला गूळ हाय त्यो, सुटनार! काठाला कळनार न्हाई. बुडलेल्या बाभळीच्या शेंड्यापतोर जातील, जुन्या वढ्यावर, आन तिथं एकदम सुटंल.

भागाबाई: तिथं तर बांबू लागत न्हाई खाली.

नागनाथ: आन बसवंतप्पाला काहील वळवता येत न्हाई. एकाच बाजूनं मारला की गरगर फिरती ती. मग मानसं भिऊन एका काठाला जातेत. पालथीच... इंदिरा, जा. पळ. रेवणसिद्धप्पाला माघारी बोलव.

इंदिरा: न्हाई.

नागनाथ: न्हाई काय?

इंदिरा: शपथ घेतलीय मी. अमूच्या डोस्क्यावर हात ठिवून. काहिलीबद्दल कुनाला एक शब्द बोलायचा न्हाई, त्यालाबी न्हाई. मी इचारलं त्याला, तुमाला बोलले तर चालतंय का? न्हाई म्हनला. त्याच्या तोंडानं म्हनला.

नागनाथ: तुला ठावं व्हतं तवा?

इंदिरा: तवा न्हवतं. मागनं कळलं. कळलं तवा त्यो समोरच व्हता. ‘बोल की’ म्हनला. जिभंवर आलं व्हतं. गिळलं मी.

नागनाथ: मानसं मरतील इंदिरा!

इंदिरा: मरू दे! बसवंतप्पा मरू दे! नाकातोंडात पानी जाऊ दे त्याच्या, त्याच्याच उसाच्या रानात बुडू दे. वर हात करू दे. कोनता हात करतोय बघू दे मला, उजवा का डावा!

भागाबाई: हळू बोल, बाई माझे, हळू.

इंदिरा: कामून हळू? काल मी घसा फाटंपतोर वरडले. कोन आलं? गुरूची आई, ती रुद्रम्मा, माडीवरनं बघायली व्हती. माझ्या डोळ्याला डोळा भिडला तिचा. खिडकी लावून घेतली. अशी, हळूच. कडीचा आवाजबी होऊ दिला न्हाई.

नागनाथ: बाजूला हो. मी जातो.

इंदिरा: कुटं जाताव? हुबं तरी ऱ्हाता येतंय का? बघा, बघा... धरा आत्या, पडतील!

नागनाथ: सोड! सोड मला! हाताला लागलं... आ!

इंदिरा: लागू दे! मी दाबीन, अजून दाबीन, पन तुमाला उंबऱ्याबाहीर जाऊ देनार न्हाई. पुन्हा त्या काठावर जाताव? ते काय म्हनतील ठावं हाय? ‘शुभ कामात अपशकून करायला आला.’ डावा हात ऱ्हायलाय अजून, त्योबी ठिवायला लावतील. मी न्हाई बघनार. एकदा बघितलं.

भागाबाई: नागू, तिचं खरं हाय. आन बुडाली तरीबी नाव आपलंच येनार हाय. म्हनतील, ह्यांनीच कायतरी केलं काहिलीला. सांगितलं तर मारतेत, न्हाई सांगितलं तर जाळतेत. आपुन गाठुडं बांधू. मागच्या मागं भालकीला जाऊ, माझ्या भावाकडं. अंधार पडंपतोर तरी थांबायचं कामून?

नागनाथ: आई, पैलाडची बाई बाळंतपनाला आनली व्हती मी पावसात, तुला आठवतंय? पुरात काहील नाचायली व्हती. ती रडायली. मी काय म्हनलो तिला?

भागाबाई: आठवतंय बाबा.

नागनाथ: ‘माझ्या काहिलीत बसलीस न्हवं? मग काठाला न्यायचं माझ्याकडं लागलं.’ समद्यांला हेच म्हनत आलो. काहील माझी हाय, इंदिरा. कुनी चोरून न्हेली, कुनी रंग मारला, तरी माझीच. तिच्यात बुडलेलं मानूस माझ्याच हातचं गेलं.

इंदिरा: कोनत्या हातचं? ह्या? ह्यो वांग्याचा गोळा हाय, बघा त्याच्याकडं! ह्या हाताला अजून लोकांची काळजी हाय!

नागनाथ: रागवू नगंस. तू न्हाई गेलीस तर मी रांगत जाईन. आज न्हाई तर तू नजर चुकवशील तवा. तुला ठावं हाय, मी जाईन.

इंदिरा: मग जावा! मला इधवा करा, पोरीला उघड्यावर टाका, त्या बसवंतप्पाला वाचवा! ... न्हाई, पडा. पडा हो. पाया पडते. आत्या, पानी द्या त्यांला. घाम बघा कसा फुटलाय.

भागाबाई: भोंगा थांबला.

आम्रपाली: आई, साहेब आले. जीप आली, आन एक पांढरी गाडीबी.

इंदिरा: तिथून काय बघायलीस? पत्र्याच्या भोकाला डोळा लावू नगंस. ये हिकडं.

आम्रपाली: काहील हिरवी झालीय! झेंडूच्या माळा लावल्यात. बसवंतप्पानं पटका बांधलाय. साहेबांच्या बायकोची साडी लई चांगली हाय.

नागनाथ: इंदिरा. कोन बसायलंय, इचार तिला.

इंदिरा: मला कळून काय करायचंय?

आम्रपाली: साहेब बसले. काकू बसल्या. त्यो फोटूवाला काठावर बसू का मधी, कळत न्हाई त्याला. बाबा, मधी बसायचं असतंय ना? सांगा की त्याला... गुरूला आनलं! दोन येन्या घातल्यात, माझ्यासारख्या. लाल रिबीन.

भागाबाई: लेकराला मागं घे इंदिरा. बघू देऊ नगं.

इंदिरा: अमू, ये. ये ना गं. तुला गूळ देते. न्हाई... न्हाई, गूळ न्हाई. भाकर देते. माझ्याजवळ बस.

आम्रपाली: गुरू रडायलीय.

इंदिरा: रडू दे. काल तू न्हाई का रडलीस?

आम्रपाली: तिचा आज्जा उचलून घालायलाय तिला आत. ती पाय आखडायलीय. आई, तुला एक सांगू? कुनाला सांगू नगंस हं. गुरू लई येळा बसलीय बाबाच्या काहिलीत. शाळा सुटली की. तिच्या घरी ठावं न्हाई.

इंदिरा: कवा? अहो, तुमी बसवलाव तिला?

नागनाथ: लेकरू हाय. ‘काका, मलाबी’ म्हनली. कसं न्हाई म्हनू?

आम्रपाली: तिला पान्याचं भ्या वाटतंय ना, म्हनून आदी डोळे मिटती. मग माझा हात धरती, असा, घट्ट. मग म्हनती, ‘आता सोडा काका.’ मी नसले की ती चढतच न्हाई.

नागनाथ: इंदिरा...

इंदिरा: बोलू नका तुमी. कुनी बोलू नका.

आम्रपाली: सोडली. काठ सोडला त्यांनी, आई.

भागाबाई: इंदिरे! कडीला हात कामून लावायलीस? इंदिरे, तुझी शपथ! लेकराची शपथ हाय ना गं!

आम्रपाली: आज ती कुनाचा हात धरंल, आई?